हळद-बेदाण्याचे रिटर्न यायला लागलेत, सगळेच घ्यायचे का?

हळदीचं_पान (सांगली)

नमस्कार मंडळी. मी सांगलीत विश्रामबागला राहते, घरूनच हळद पावडर आणि बेदाणा ऑनलाइन, शॉपिंग ॲपवरनं विकते. हळकुंडं मार्केट यार्डातनं घेऊन ओळखीच्या गिरणीत दळून आणते, बेदाणा माहेरचा, भावाच्या शेडवरचा, तासगावकडचा. फूडचं रजिस्ट्रेशन काढलंय. जीएसटी नंबर नाही, एनरोलमेंट नंबरवर (नोंदणी नसलेल्या छोट्या विक्रेत्याला मिळतो तो) फक्त महाराष्ट्रातच विकते. दीड वर्ष झालं चालू करून, पहिलं वर्ष एकच पार्सल परत आलं होतं आणि तेही पत्ता चुकला म्हणून, पण यंदा पाऊस लागला तसे रिटर्न सुरू झालेत ते थांबायचं नावच घेईनात. जुलैपासून ८५ ऑर्डरी गेल्या त्यातल्या ९ परत. २०० ग्रॅमच्या पाकिटामागं मला २०-२२ रुपये सुटतात आणि एक रिटर्न आला की जायचा-यायचा खर्च धरून ७०-८० रुपये जातात, म्हणजे एका रिटर्नला चार पाकिटांची कमाई गेली.

तीन केस सांगते म्हणजे कळेल.

पहिली, ठाण्याच्या एक बाई. कारण लिहिलंय "भेसळ आहे, रंग मिसळला आहे". फोटो टाकलाय. ओट्यावर हळद सांडली, साबणाच्या फडक्यानं पुसली, तर फडकं लालभडक झालं. अहो आता हळदीला साबण लागला की लाल होणारच की, हळदीला चुना लावूनच तर कुंकू करतात! पण एक स्टार देऊन त्यांनी खाली "केमिकल" असं लिहून ठेवलंय ते सगळ्यांना दिसतंय, आणि त्या दिवसापासून हळदीच्या ऑर्डरी निम्म्यावर आल्यात.

दुसरी, बेदाणा चिकट झालाय आणि वर पांढरे कण आलेत, साखर लावलीय असं म्हणणं. साखर आम्ही लावत नाही. पण चिकट झाला असेल हे मला पटतंय, पाकीट माझंच पातळ होतं.

तिसरी केस झाली तेव्हापासून मला रात्री झोप नाही. पार्सल परत आलं, उघडलं तर पाऊच माझं, पण आतली हळद माझी नाही. फिक्कट, पिठासारखी, वासच नाही. पाऊच खालनं कापून आतला माल काढून घेतलाय आणि दुसरं काहीतरी भरून चिकटपट्टी लावलीय. आणि पैसे गिऱ्हाइकाला परत गेलेसुद्धा, मला विचारलंसुद्धा नाही.

आमचे मिस्टर म्हणतात सरळ लिहून टाक, खाण्याचा माल आहे, परत घेतला जाणार नाही. जाऊबाई म्हणतात घरातल्या दहा-पंधरा जणांकडनं पाच स्टार देऊन घे म्हणजे तो एक स्टार झाकला जाईल. मला दोन्ही बरोबर वाटत नाही पण दुसरं काय करायचं तेही सुचत नाही. जे हे करतात त्यांनी सांगा.


काकवी_आणि_चटणी (पलूस)

ताई, पहिल्यांदा ते जाऊबाईंचं काढून टाका डोक्यातनं. ग्राहक संरक्षणाचे ई-कॉमर्सचे नियम आहेत २०२० चे, त्यात विक्रेत्यानं स्वतः गिऱ्हाईक असल्याचं भासवून रिव्ह्यू लिहायचे नाहीत असं स्पष्ट लिहिलंय. आणि नियम राहू द्या बाजूला, तुमच्या घरातल्या दहा जणांची आडनावं एकच, ते कुणाच्या लक्षात येणार नाही का?

दुसरं मिस्टरांचं. "परत घेणार नाही" लिहिता येतं, पण त्याचा उपयोग एवढाच की आवडलं नाही, मन बदललं, चुकून दोन मागवली, असल्या रिटर्नला तुम्ही नाही म्हणू शकता. माल खराब निघाला, नकली निघाला, किंवा तुम्ही वर जे लिहिलं होतं तसा तो नाही, किंवा सांगितलेल्या तारखेच्या नंतर उशिरा पोचला, तर परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही, त्याच नियमांत ६ नंबरला विक्रेत्याची जबाबदारी म्हणून ते दिलंय. उशिराच्या बाबतीत नैसर्गिक आपत्तीची वगैरे सूट आहे. त्यामुळं बेदाणा खरंच चिकट झाला असेल तर पाटी कितीही मोठी लावा, ती केस तुम्ही हरणार.

मी स्वतः काकवी विकतो त्यामुळं रिटर्न काय असतो ते मला विचारा. बाटलीचं झाकण जरा सैल राहिलं की सगळं पार्सल चिकट, आणि त्याच गाडीतल्या दुसऱ्याच्या पार्सलाला पण मुंग्या. पहिल्या वर्षी मी प्रत्येक गिऱ्हाइकाशी भांडायचो, आमच्याकडनं नीटच गेलंय, कुरियरवाल्यानं आपटलं असेल, तुम्हीच उघडताना सांडलं असेल. मग एकदा घरातल्या घरातच बाटली भरून आडवी ठेवली दोन दिवस, तर पाझरली. माझंच झाकण चुकीचं होतं. त्यानंतर आत फॉइलचं सील मारायला लागलो आणि गळतीचे रिटर्न जवळजवळ बंद झाले. म्हणून म्हणतो रिटर्न आला की पहिला प्रश्न स्वतःला विचारा, यातलं माझं किती. तुमच्या बेदाण्याचं तुम्ही कबूल केलंय तिथंच अर्धं काम झालं.

तिसऱ्या केसला मात्र सोडू नका. तो रिटर्न नाही, ती चोरी आहे. प्लॅटफॉर्मवर विक्रेत्यासाठी क्लेमची सोय असतेच, कुठं सेफ-टी म्हणतात कुठं आणखी काही, पण त्याला दिवसांची मुदत असते आणि ती लय कमी असते, आजच बघा. तुम्ही परत आलेलं पार्सल उघडताना व्हिडिओ काढला होता का?


हळदीचं_पान (सांगली)

नाही काढला हो. उघडल्यावर फोटो काढलेत, कापलेल्या जागेचे आणि चिकटपट्टीचे. वजन पण केलं नंतर, १८२ ग्रॅम भरलं, मी २०० च्या वर दोन-चार ग्रॅम जास्तच भरते.


काकवी_आणि_चटणी (पलूस)

फोटो आणि वजन दोन्ही लावा. वजनकाट्यावर पाकीट ठेवून, आकडा दिसेल असा फोटो घ्या. आणि इथून पुढं परत आलेलं कुठलंही पार्सल मोबाइल चालू केल्याशिवाय उघडायचं नाही, आधी बाहेरनं सगळ्या बाजू, लेबल, मग कात्री, एका दमात, मध्ये व्हिडिओ कापायचा नाही. डिलिव्हरीवाला पोरगा घाईत असतो, पण पार्सल फाटलेलं दिसत असलं तर त्याच्यासमोर बोला, त्याच्या मशीनवर शेरा मारायला लावा.


वाईची_गिऱ्हाईक (वाई)

मी विकत नाही, मी घेते, पण एक सांगावंसं वाटलं म्हणून लिहितेय. रिटर्न करताना ॲपमध्ये कारणांची यादी येते त्यात आपल्या मनातलं कारण बऱ्याचदा नसतंच. मी एकदा ज्वारीचं पीठ मागवलं होतं, मला हवं होतं त्यापेक्षा जाडसर निघालं. यादीत "जाडसर आहे" असं कुठं असणार? "आवडलं नाही" दाबलं तर परत घेत नाहीत म्हणून मी "खराब माल" दाबलं. त्या पीठवाल्याचं काय झालं असेल याचा विचार तेव्हा केला नव्हता, तुमचं वाचून आज केला. त्यामुळं ताई, "भेसळ" असं लिहिलंय म्हणजे ती बाई तुमच्याशी वैर धरून आहे असं समजू नका. ती घाबरली असेल. घरात लहान मूल असेल, लाल फडकं बघून कुणालाही धस्स होईल. आमच्या आईच्या पिढीला हळद-कुंकवाचं माहीत होतं, माझ्या भाचीला अजिबात माहीत नाही, तिनं कुंकू फक्त डबीतलंच बघितलंय.

तुम्ही त्यांना रागावून उत्तर दिलं नाहीत ना अजून? दिलं नसेल तर फार बरं.


हळदीचं_पान (सांगली)

लिहिलं होतं पण पाठवलं नाही. पुसून टाकते.


मिरज_तंतू (मिरज)

आमचं काम वेगळं आहे, तंतुवाद्यं, पण दुखणं तेच म्हणून लिहितो. मिरजेची सतार आणि तानपुरा, २०२४ ला दोन्हीला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, त्यामुळं लांबलांबनं चौकशा येतात आता. तानपुरा पाठवताना तारा ढिल्या करून पाठवायला लागतात, ताणलेल्या ठेवल्या आणि वाटेत धक्का बसला तर भोपळाच तडकतो. आता नवीन शिकणारा मुलगा खोकं उघडतो, तारा ढिल्या, घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) सरकलेली, आवाज घुमावा म्हणून तारेखाली घालतात तो जवारीचा दोरा कुठंतरी पडलेला, छेडलं तर नुसतं भद्द. लगेच रिटर्न, "वाद्य नादुरुस्त आहे". तानपुरा परत येणं म्हणजे काय ते तुम्हाला कळणार नाही, एका फेरीचंच भाडं हजारांत आणि येताना फुटायची भीती दुप्पट, कारण गिऱ्हाईक आमच्यासारखं पॅकिंग करत नाही, गवत-कापूस काढून टाकलेला असतो.

वडील म्हणायचे की वाद्य देताना अर्धा तास बसवून घ्यायचं गिऱ्हाइकाला, लावून दाखवायचं, मग न्यायला सांगायचं. ऑनलाइनमध्ये तो अर्धा तासच गेला आणि तिथनंच रिटर्न येतात. म्हणून मी तो परत आणला. पार्सल पोचायच्या आदल्या दिवशी मी फोन करतो, उद्या येईल, तारा ढिल्या असतील घाबरू नका, उघडलं की व्हिडिओ कॉल लावा मी घोडी बसवून देतो. खोक्यात सगळ्यात वर मोठ्या अक्षरात कागद ठेवतो, त्यावर हेच. तीन वर्षांत सुरांच्या कारणानं एकच वाद्य परत आलंय, आणि ते खरंच माझ्याकडनं दांडीला बारीक बाक राहिला होता, ते मी मुकाट घेतलं.

तुमच्या पाकिटात पण एक चिठ्ठी टाका ना ताई. साबण किंवा सोडा लागला की हळद लाल होते, हा हळदीचा गुण आहे, वर लिंबू पिळा परत पिवळी होते. करून बघायला पण मजा वाटेल पोरांना.


हळदीचं_पान (सांगली)

लिंबाचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! घरात करून बघितलं आत्ता, खरंच होतंय. व्हिडिओ काढते.


शेडवरचा_माणूस (तासगाव)

बेदाण्याचं मी सांगतो, आमचा तोच धंदा. ती पांढरी साखर द्राक्षाचीच हो. चार किलो द्राक्षाचा एक किलो बेदाणा होतो, म्हंजे चार किलोतला गोडवा एका किलोत बसलाय, तो गारठ्यात राहिला की कधी कधी कण धरून वर येतो. कोल्ड स्टोअरेजमधनं माल काढला आणि लगेच गरम हवेत उघडला की त्याच्यावर पाणी सुटतं, तेच पाणी साखर ओढतं आणि मग चिकटा. तुम्ही भावाकडनं आणता तो माल स्टोअरेजमधला असणार, सीझन मार्च-एप्रिलला संपला की सगळा तिथंच जातो. बॉक्स आणला की लगेच फोडायचा न्हाय, बंद बॉक्स घरात एक दिवस तसाच राहू द्या, घरच्या हवेला आला की मग भरा. पावसाच्या दिवशी तर भरूच नका. आणि पातळ पाऊच बदला, जाड, आत चंदेरी असतंय ते घ्या. पाऊचमागं दोन-तीन रुपये जास्त जातील, जाऊ द्या.

आणि एक, तुम्ही लिस्टिंगला फोटो कुठला लावलाय? हिरवा लावलाय आणि पाठवताय पिवळा असं झालंय का? डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटमध्ये बुडवून सावलीत वाळवला की हिरवट राहतो, गंधकाची धुरी दिली की पिवळा येतो, आणि काहीच न करता उन्हात वाळवला तर काळपट तपकिरी. गंधक दिलेला असंल तर तसं पाकिटावर लिहायला पाहिजे, काही लोकांना त्याचा त्रास होतो. भावाला विचारून घ्या कुठला आहे तो.


हळदीचं_पान (सांगली)

दादा, तुम्ही बरोबर पकडलंत. फोटो हिरव्याचाच आहे, गेल्या वर्षीचा. यंदा भावानं पिवळा केला होता आणि मी फोटो बदललाच नाही. आज संध्याकाळी उजेड असेपर्यंत नवीन काढते. ९ मधले ४ रिटर्न बेदाण्याचे आहेत, आता वाटतंय त्यातले निदान दोन या फोटोमुळंच असतील, एकानं "वेगळा माल" लिहिलंय आणि मी त्याला खोटारडा समजत होते.


कराडचा_हिशोबनीस (कराड)

मी लोकांची जीएसटीची कामं बघतो, त्या बाजूनं थोडं.

ताई, तुमची नोंदणी नाही त्यामुळं क्रेडिट नोटचा (माल परत आला की आधीच्या बिलातली रक्कम कमी केल्याचा कागद) प्रश्न तुम्हाला येत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून छोट्या विक्रेत्याला नोंदणीशिवाय प्लॅटफॉर्मवर राज्याच्या आत माल विकता येतो, तुम्ही त्यातच आहात, फक्त महाराष्ट्राबाहेर एकही पार्सल जाऊ देऊ नका, बेळगाव जवळ आहे म्हणून सुद्धा नाही. ज्यांची नोंदणी आहे आणि इथं वाचतायत त्यांनी मात्र रिटर्नची क्रेडिट नोट वेळेत काढा, आर्थिक वर्ष संपल्यावर पुढच्या ३० नोव्हेंबरपर्यंतच ती दाखवता येते, त्यानंतर भरलेला कर गेला. माझ्याकडं एक गारमेंटवाले आले होते, वर्षभराचे रिटर्न वहीतच लिहून ठेवले होते, डिसेंबरात आले. काही करता आलं नाही.

आणि वही ठेवा. कुठल्या तारखेला कुठल्या बॅचचा माल कुणाला गेला, परत का आला. तुमचे ९ रिटर्न एका पानावर मांडले असते तर फोटोची भानगड तुम्हाला जुलैमध्येच दिसली असती. बॅच नंबर तसाही पाकिटावर लागतोच, तो सीलच्या पट्टीवर पण हातानं लिहा, म्हणजे पाऊच कापून परत चिकटवलं तर पट्टी जुळत नाही, क्लेमला फार उपयोग होतो.

लेबलवर सगळं आहे ना? तुमचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, पॅक केल्याचा महिना-वर्ष, किंमत, तक्रारीसाठी फोन नंबर, फूडचा १४ आकडी नंबर. तक्रारीचा नंबर ठळक करा. गिऱ्हाइकाला तुमचा नंबर पहिला दिसला तर तो तुम्हाला फोन करेल, नाही दिसला तर ॲपमधलं बटण दाबेल किंवा १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन लावेल. आणि "सांगलीची हळद" असं जीआयचं चिन्ह लावलं असेल तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवलंय का ते बघा. जीआय २०१८ ला मिळालाय पण म्हणून सांगलीत दळलेली प्रत्येक हळद चिन्ह लावू शकत नाही.


हळदीचं_पान (सांगली)

चिन्ह नाही लावलेलं. फोन नंबर आहे पण इतका बारीक की मलाच चष्म्याशिवाय वाचता आला नाही. लेबल नवीन करायला टाकते.


सातारी_कंदी (सातारा)

उशिरा वाचलं. मी कंदी पेढे पाठवते, माझ्याकडं परत घ्यायचा प्रश्नच नाही कारण परत येईपर्यंत खायच्या लायकीचे राहत नाहीत, आणि परत आलेलं खाण्याचं काहीही, सीलबंद दिसलं तरी, मी दुसऱ्याला कधीच पाठवत नाही. ताई, तुम्हीपण नका पाठवू. मधल्या आठ दिवसांत ते कुठं पडलं होतं, उन्हात होतं का ओल्यात, आपल्याला काय माहीत. मी तक्रार खरी वाटली तर परत मागवतच नाही, फोटो घेते आणि पैसे देते किंवा दुसरे पाठवते. तुमच्या ७०-८० रुपयांत रिटर्नचं भाडंच जास्त आहे ना? व्हॉट्सॲपवरच्या ऑर्डरींना तरी असंच करा. लोक फसवतील म्हणाल तर फसवणारे असतात, पण माझ्या वहीत एकाच नंबरवरनं दुसऱ्यांदा तक्रार आली असं दोनदाच झालंय, त्या दोघांना मी आता पाठवत नाही.


हळदीचं_पान (सांगली)

बारा दिवसांनी लिहितेय, सगळ्यांना सांगायचं राहिलं होतं.

ठाण्याच्या बाईंना प्लॅटफॉर्मच्या मेसेजमधनं लिंबाचा व्हिडिओ पाठवला आणि लिहिलं की तुम्हाला भीती वाटणं बरोबर आहे, पैसे तुम्हाला मिळालेतच, हळद ठेवून घ्या, एका काचेच्या ग्लासात पाण्यात चमचाभर टाकून हलवू नका, नुसती ठेवा, शुद्ध असेल तर खाली बसते आणि पाणी फिक्कट पिवळंच राहतं, रंग मिसळलेला असेल तर पाणी गडद होतं. चार दिवस काहीच उत्तर नाही. पाचव्या दिवशी त्यांचा ग्लासाचा फोटो आला, आणि रिव्ह्यूमध्ये त्यांनी खाली लिहिलं की विक्रेत्यानं समजावून सांगितलं, हळद चांगली आहे. स्टार एकचे चार केले. मी रडले हो तो फोटो बघून, खोटं कशाला सांगू.

बेदाणावाल्या चौघांपैकी तिघांना मेसेज करून माफी मागितली, फोटो जुना होता हे कबूल केलं. एकानं नवीन पाकीट मागितलं, जाड पाऊचमध्ये पाठवलंय.

क्लेम मुदतीच्या शेवटच्या दिवशी टाकला, फोटो आणि वजनासकट. पहिल्यांदा नाकारला, "पुरावा अपुरा". परत टाकला, यावेळी माझ्या दुसऱ्या पाकिटाची सील पट्टी आणि त्या कापलेल्या पाकिटाची सील पट्टी शेजारी शेजारी ठेवून फोटो लावला. अजून उत्तर नाही.

एक विचारायचं होतं, जाड पाऊच घेतलं तर माझं साधं सीलिंग मशीन नीट बसत नाही, कडेला सुरकुती पडते. कुठलं मशीन वापरता?


काकवी_आणि_चटणी (पलूस)

ताई, मशीन तेच चालेल, फक्त तापमानाचं बटण दोन खुणा पुढं घ्या आणि दाबून मनात चार अंक मोजा. सील झालं की पाऊच पाण्याच्या बादलीत बुडवून दाबा, बुडबुडे आले तर परत करा. सुरकुती राहत असंल तर पाऊचच्या तोंडाला हळद चिकटलेली असणार, भरताना कागदाचं नरसाळं वापरा. आणि क्लेमचं काय झालं ते कळवा.